साबण तोच, केस तेच, मग हाताला वेगळे का लागतात?

रातांबा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात असलेला प्रश्न आहे. तपशील दिल्याशिवाय उत्तर मिळणार नाही, म्हणून जरा लांबण लावते.

आई गेल्या वर्षी कोकणातून कायमची आमच्याकडे आली. घर पुण्याच्या पार बाहेर, नवीन सोसायटी. नळाला बोअरचं पाणी, उन्हाळ्यात टँकर. आई आयुष्यभर शिकेकाईच्या साबणानं न्हाली. गावी विहिरीच्या पाण्यानं धुतलेले तिचे केस म्हणजे रेशमाची लड. इथे दोन-तीन महिन्यांतच त्यांची रया गेली. ओले असताना मेणचट लागतात, वाळले की चरबट. फणीच्या दातांवर पांढुरका लेप बसतो. नखानं खरवडला तर मेणासारखा निघतो. साबण तोच, हात तोच. ती म्हणते, "वय झालं, दुसरं काय."

माझं वेगळंच. मी शाम्पू बदलला. पहिले तीन आठवडे केस इतके सुळसुळीत की रबर टिकेना. आता त्याच बाटलीतला शाम्पू, पण केस टाळूला चिकटून बसतात, संध्याकाळपर्यंत तेल लावल्यासारखे दिसतात. पार्लरमध्ये सांगितलं, "केसांना सवय झाली, अधूनमधून शाम्पू बदलायचा." केसाला सवय कशी होईल? यामागचं नेमकं कारण कुणाला माहीत असेल तर कृपया सविस्तर लिहा. आईनं उगीच वयाला दोष देत बसू नये असं फार वाटतं.

नागपुरी_संत्री

आमच्याकडे हिवाळ्यात कंगवा फिरवला की केस उभे राहतात, चटचट आवाज येतो. तेही इथेच विचारून ठेवते.

वेणीफणी

+१. सवय होण्याचा अनुभव मलाही आहे. वाचतेय.

काचनळी

रातांबा, मी 19 वर्षं केशप्रसाधनांच्या प्रयोगशाळेत काम केलंय, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. आज आईंच्या केसांबद्दल लिहितो, तुमच्याबद्दल उद्या सवडीने.

आईंना आधी सांगा, वयाचा काही संबंध नाही. हे पाण्याचं काम आहे.

साबण म्हणजे तेलातल्या मेदाम्लांचा सोडियम क्षार. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलं की ते सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतात. जो नवा क्षार तयार होतो तो पाण्यात विरघळत नाही. शाळेत 'दुष्फेन पाणी' शिकलो ते हेच. साबणाची बादली ठेवली की आतून राखाडी कड धरते ना, तोच पदार्थ आईंच्या फणीवर आहे. फणीवर दिसतो तेवढाच नाही, प्रत्येक केसावर त्याचा थर आहे. पाणी कितीही ओतलं तरी तो जात नाही, उलट त्याच पाण्यानं वाढतो.

वडीवर शिकेकाई लिहिलेलं असलं तरी वडी साबणाचीच असते, शिकेकाई त्यात नावापुरती. तुमच्या गावची विहीर जांभ्यातली असणार. त्या पाण्यात चुना जवळजवळ नसतो, म्हणून तिथे हा थर धरतच नव्हता. इथलं बोअरचं पाणी काळ्या कातळात खोलवर मुरून कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन वर येतं. साबण तोच राहिला, पण त्याला नवं पाणी भेटलं.

दुसरी गोष्ट. साबणाच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, 9 ते 10 असतो. एवढ्या अल्कली पाण्यात केस जास्त फुगतो आणि त्याच्यावरचे खवले उचलले जातात. हे खवले काय प्रकरण आहे ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून आत्ता एक करा. डोक्यावरचा एक लांब केस उपटा. मुळाचं टोक कुठलं ते लक्षात ठेवा. केस अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत आडवा न धरता बोटाच्या लांबीला समांतर धरा आणि अंगठा पुढे-मागे चोळा. केस कुठल्या बाजूला सरकतो ते इथे लिहा.

फळा_खडू

करून पाहिलं! दर वेळी मुळाची बाजू पुढे करून सरकतो. केस उलटा धरला तर उलट्या दिशेनं जातो. शेजारच्या मुलीच्या केसावरही तेच. उद्या आठवीच्या वर्गात करून घेणार.

काचनळी

फळा_खडू सर, छान. वर्गात लोकरीचा धागा पिंजून तेही करून बघा.

ते खवले म्हणजे केसावर शाकारलेली कौलं. घराच्या छपरावर असतात तशीच एकावर एक, उतार मुळाकडून टोकाकडे. एकेक कौल साधारण अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड, आणि मुळाशी असे सहा ते दहा थर. बोट मुळाकडून टोकाकडे नेलं की कौलांच्या उतारावरून सुळकन जातं. उलट नेलं की कडांना अडतं आणि केसाला बरोबर ओढून नेतं. म्हणून केस कायम मुळाच्या दिशेनं सरकतो. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला की आटतो त्याचंही हेच कारण आहे. धागे एकमेकांत एकाच दिशेनं शिरत जातात आणि मागे येऊ शकत नाहीत. न्हाताना सगळे केस डोक्यावर गोळा करून चोळणाऱ्यांच्या केसांचा गुंता का होतो, तेही यात आलं.

या कौलांवर निसर्गानं एक अतिशय पातळ स्निग्ध थर दिलेला असतो. 21 कार्बनचं एक मेदाम्ल आहे, 18-मिथाइल आयकोसॅनॉइक. ते केसाला रासायनिक बंधानं जोडलेलं असतं, त्यामुळे नुसत्या धुण्यानं निघत नाही. केस रंगवताना किंवा ब्लीच करताना मात्र निघून जातं. ऊन आणि रोजच्या विंचरण्यानंही झिजत जातं. हा थर आहे तोवर केस पाण्याला जरा झटकतो आणि हाताला मऊ लागतो. तो गेला की उघड्या पडलेल्या जागी ऋणभार (ऋण विद्युतभार) वाढतो आणि केस पाणी धरून ठेवतो.

एक हिशेब करा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कमरेपाशी पोचलेलं टोक पाच-सहा वर्षांचं असतं. तेवढी वर्षं त्यानं ऊन, फणी, उशी, ओला टॉवेल सगळं सोसलेलं असतं. टाळूजवळचा केस मात्र गेल्या महिन्यातला. एकाच केसाची ही दोन टोकं बोटाला सारखी लागणारच नाहीत.

वेणीफणी

किती सुंदर समजावलंय. पण एक शंका. माझी आजी न्हायला घालायची तेव्हा शेवटी केसांची बट चिमटीत धरून ओढायची. करकर वाजली तरच न्हाणं झालं म्हणायची. म्हणजे करकर वाजणं चांगलं की वाईट?

काचनळी

आजींची परीक्षा बरोबर होती, फक्त त्यातून निघणारा अर्थ थोडा वेगळा आहे.

ताट लख्ख घासलं की बोटाखाली करकरतं. बोट क्षणभर अडतं, सुटतं, परत अडतं. हे सेकंदात कितीतरी वेळा होतं आणि त्याचा आवाज येतो. केसाचंही तसंच. मध्ये वंगण म्हणून तेल नाही, साबणाचा थर नाही, काहीच नाही. बोटाला थेट कौलं लागतात. तेव्हा करकर वाजणं म्हणजे केसावर काहीही उरलेलं नाही. आजींना तेल निघालंय की नाही हे बघायचं होतं, ते त्यांना कळत होतं. पण तोच केस नंतर विंचरताना सगळ्यात जास्त अडतो, कारण ओल्या केसाचं घर्षण कोरड्यापेक्षा जास्त असतं. पाण्यानं केस जाडीला साधारण 15 टक्के फुगतो, कडा वर येतात. त्यात ओला केस ताणला जातो आणि कोरड्यापेक्षा लवकर तुटतो. आजी नंतर केस पंच्यात गुंडाळून, धुपावर वाळवून मगच फणी लावत असतील. बरोबर ना? शेवटी तेलाचं बोटही फिरवत असतील.

हाच अनुभव एका अख्ख्या उद्योगाला आला. अमेरिकेत 1934 मध्ये 'ड्रीन' नावाचा शाम्पू आला. साबणाऐवजी कृत्रिम सर्फॅक्टंटवर, म्हणजे तेल आणि पाणी दोन्हींना धरून मळ काढणाऱ्या पदार्थावर बनवलेला. दुष्फेन पाण्यातही थर धरत नव्हता, म्हणजे तुमच्या आईंचा प्रश्न तिथे सुटला होता. पण तो इतकं साफ करायचा की केस कोरडे आणि राठ लागायचे. केस इतका उघडा पडलेला लोकांना आवडत नाही. तिथून पुढचं शाम्पूचं सगळं शास्त्र एकाच कोड्याभोवती फिरतंय. तेल-मळ काढून न्यायचा, आणि त्याच धुण्यात मऊपणाही मागे ठेवायचा.

जास्वंद

माहिती चांगली आहे, पण एवढा खटाटोप करण्यापेक्षा शिकेकाईच्या शेंगा, रिठा, आवळा उकळून वापरावं. आमच्या घरी तीन पिढ्या हेच चालू आहे. त्यात कसलंही केमिकल नाही.

काचनळी

जास्वंद, तुमच्या घरच्या पद्धतीबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि रातांबाच्या आईंसाठी ती उपयोगाची आहे. शिकेकाई आणि रिठ्यात सॅपोनिन असतात. तीही तेलाला एका टोकानं आणि पाण्याला दुसऱ्या टोकानं धरतात, शाम्पूतला सर्फॅक्टंट करतो तेच काम. केमिकल तीही आहेत, झाडानं बनवलेली. त्यांची खरी जमेची बाजू अशी की कॅल्शियमशी त्यांचा साबणासारखा न विरघळणारा क्षार होत नाही. शिवाय शिकेकाईचं पाणी आम्लधर्मी असतं, त्यामुळे कौलं मिटलेली राहतात. बोअरच्या पाण्यात शिकेकाईच्या साबणापेक्षा शिकेकाईची शेंग कितीतरी बरी.

तुम्ही त्यात जास्वंदीची पानं चुरडून घालत असाल तर त्यातला बुळबुळीत चीक केसावर राहतो आणि फणी सरकते. उद्या शाम्पूतल्या ज्या घटकाबद्दल लिहिणार आहे, त्याच्याशी याचं नातं आहे. फक्त काढा नीट गाळून घ्या, आणि रिठा डोळ्यात जाऊ देऊ नका. फार चुरचुरतो.

थेम्सकाठचा

लंडनला आल्यावर दोन महिन्यांत बायकोच्या केसांचं हेच झालं. इथलं पाणी चुनखडीतून येतं, किटलीत आठवड्यात पांढरं कवच धरतं. साबण कधीच वापरला नाही, शाम्पूच होता, तरी केस जाड आणि राठ लागत होते. त्याचं काय?

काचनळी

तेही पाण्याचंच. साध्या पाण्यात केसावर ऋणभार असतो, कारण पीएच साधारण 3.7 च्या वर गेला की केस ऋणभारित होतो. कॅल्शियम धनभारित. ते केसाला जाऊन चिकटतं. केस रंगवलेले असतील तर ऋणभाराच्या जागा जास्त, म्हणून कॅल्शियमही जास्त बसतं. साबणाच्या थराइतका हा थर जाड नसतो, पण हाताला फरक कळतो. बाटलीवर 'डायसोडियम ईडीटीए' किंवा सायट्रिक आम्ल लिहिलेलं असलं तर ते कॅल्शियमला धरून ठेवायला घातलेलं असतं.

नागपुरी_संत्री, तुमचंही याच भाराशी जोडलेलं आहे. कोरड्या हवेत फणी घासली की केसावर भार साठतो आणि निघून जायला हवेत ओलावा नसतो. सगळ्या केसांवर सारखाच भार, म्हणून ते एकमेकांना ढकलतात. कंडिशनरमध्ये धनभारित घटक असतो. तो केसावर बसून घर्षण कमी करतो, भारही साठू देत नाही. विदर्भातल्या हिवाळ्यात टोकांना थोडा कंडिशनर किंवा तळहातावर चोळलेले तेलाचे दोन थेंब पुरतात.

आता रातांबा, तुमचा शाम्पू.

एका काचेच्या ग्लासात चमचाभर शाम्पू घ्या. मोत्यासारखी झाक असलेला नको, पारदर्शक पण 'कंडिशनिंग' लिहिलेला घ्या. त्यात हळूहळू पाणी घालत ढवळा. आधी पारदर्शक असलेलं द्रावण एका टप्प्यावर गढूळ होतं, ताकाच्या निवळीसारखं. त्या गढूळपणात या धाग्याचं निम्मं उत्तर आहे.

शाम्पूतला मुख्य सर्फॅक्टंट ऋणभारित, बहुतेक वेळा सोडियम लॉरेथ सल्फेट. त्याच बाटलीत थोडासा धनभारित पॉलिमर (लांब साखळीचा रेणू) घातलेला असतो. तो पुष्कळदा गवारीचा असतो. हो, भाजीतली गवार! तिच्या बियांचा गोंद काढून त्याला धनभार जोडतात. बाटलीवर 'ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड' असं लांबलचक नाव असतं ते हेच. जास्वंदीच्या चिकाचं नातं म्हणालो ते यासाठी, दोन्ही झाडाच्याच लांब साखळ्या.

बाटलीत सर्फॅक्टंट इतका जास्त असतो की पॉलिमर त्यात गुंडाळून विरघळलेला राहतो. डोक्यावर फेस असतानाही तसाच. पण तुम्ही पाणी ओतायला लागता, सर्फॅक्टंट विरळ होतो, आणि एका टप्प्यावर दोघं एकमेकांना धरून पाण्यातून बाहेर पडतात. एक ओलसर, जेलीसारखा पदार्थ तयार होऊन केसावर बसतो. त्याच्याबरोबर शाम्पूत मऊपणासाठी घातलेल्या सिलिकॉनचे बारीक थेंबही अडकून येतात. म्हणजे मऊपणा चोळताना येत नाही, धुऊन टाकताना येतो. मला हे पहिल्यांदा समजलं तो दिवस अजून आठवतो. मळ नेणारं पाणीच मऊपणा ठेवून जातं.

साफ करणं आणि सिलिकॉनचा मऊपणा एकाच बाटलीत मोठ्या प्रमाणावर विकायला आला तो 1987 मध्ये, अमेरिकेत 'पर्ट प्लस' या नावानं. मोत्यासारखी झाक दिसते ती बहुतेकदा हे सिलिकॉनचे थेंब तळाशी किंवा वर जाऊ नयेत म्हणून घातलेल्या मेणाच्या बारीक स्फटिकांची.

आता तीन आठवड्यांचं कोडं. केस मृत असतो, त्याला सवय लागत नाही. पण प्रत्येक धुण्यात थोडं काहीतरी मागे राहतं, आणि पुढच्या वेळी ते सगळं निघतंच असं नाही, कारण धनभारित पॉलिमर ऋणभारित केसाला घट्ट धरतो. पहिल्या काही धुण्यांत थर पातळ, कौलांच्या कडा झाकल्या जातात, केस सुळसुळतात. मग थर वाढतो, केस जड होतात, एकमेकांना चिकटतात. तुमचे केस बारीक असतील असा माझा अंदाज आहे. बारीक केसांचं एकूण पृष्ठफळ त्याच वजनाच्या जाड केसांपेक्षा जास्त असतं, त्यामुळे थरही जास्त बसतो. शाम्पू बदलल्यावर बरं वाटतं ते नव्या शाम्पूनं जुना थर काढला म्हणून. काही आठवड्यांनी त्याचाही थर होतो.

रातांबा

अहो, केस बारीकच आहेत! आणि ग्लासातलं पाणी खरंच गढूळ झालं. मग मगात शाम्पू पाण्यात कालवून डोक्यावर ओतायची आमच्या घरची पद्धत चूक का? आणि दोघींनी आता नेमकं काय करायचं?

काचनळी

चूक म्हणणार नाही. टाळूवर सगळीकडे पोचतो, शाम्पूही कमी लागतो. फक्त जे केसावर घडायला हवं ते काही अंशी मगातच घडतं. तुम्हाला तसाही थर कमी हवाय, तेव्हा चालू द्या.

तुम्ही आठवड्यातून एकदा असा शाम्पू वापरा ज्याच्यावर 'पॉलिक्वाटर्नियम', 'ग्वार' (दोन्ही धनभारित पॉलिमर) किंवा 'डायमेथिकॉन' (सिलिकॉन) यातलं काही लिहिलेलं नाही. कंडिशनर टाळूला नको, कानाच्या खालच्या केसांनाच. एरवीचा शाम्पू आवडतो तर तोच ठेवा.

आईंसाठी मगभर पाण्यात एक लिंबू पिळून, गाळून केसांवरून सोडा, दोन-तीन मिनिटं ठेवा. डोळे मिटलेले हवेत, आणि टाळूला जखम असेल तर लिंबू नकोच. आम्लानं कॅल्शियम सुटं होतं, मागे मेदाम्ल उरतं, ते शाम्पू घेऊन जातो. म्हणून लगेच शाम्पू, दोनदा. पहिल्या वेळी फेस आला नाही तर घाबरू नका, तेल आणि मेदाम्ल फेस मारतात. दुसऱ्या वेळी येईल. आणि आदल्या रात्री खोबरेल लावायची सवय असेल तर ती मोडू नका. मुंबईत मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या रेले आणि मोहिले यांचा 2003 चा अभ्यास आहे. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तर केसातलं प्रथिन वाहून जाणं खोबरेलानंच कमी झालं. कंपनी खोबरेल विकते हे ध्यानात ठेवूनही मला त्यातलं कारण पटतं. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं, ते केसाच्या आत शिरतं आणि पाण्यानं फुगणं आटोक्यात ठेवतं.

एक आग्रह मात्र करतो. प्रयोगशाळेत आम्ही अर्ध्या डोक्याची चाचणी घेतो. मधोमध भांग, डावीकडे एक, उजवीकडे दुसरं, आणि हात लावणाऱ्याला कुठे काय ते सांगायचं नाही. तसं करून बघा. माझ्या सांगण्यापेक्षा आईंना त्यांच्या बोटांवर जास्त विश्वास बसेल.

फळा_खडू

रातांबा, निकाल नक्की कळवा. वाट बघतोय.

रातांबा

उशीर झाला, रविवारची वाट बघावी लागली.

मधोमध भांग पाडून आईला स्टुलावर बसवलं. डावीकडे नेहमीची वडी, उजवीकडे लिंबूपाणी आणि दोनदा शाम्पू. पाणी दोन्हीकडे त्याच नळाचं. मान कलती करून धुतली, म्हणजे इकडचं तिकडे जायला नको. पहिल्या शाम्पूला खरोखर फेस आला नाही. आई म्हणाली, "बघ, हेही लागत नाही मला." दुसऱ्या वेळी हात भरून फेस आला तेव्हा गप्प झाली.

वाळल्यावर बाबांना बोलावलं. डोळे मिटून हात लावायला सांगितला. बाबांनी दोन्ही बटांवर बोटं फिरवली, उजवीकडची पुन्हा एकदा धरली आणि म्हणाले, "ही गावची." आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. विंचरताना डाव्या बाजूला फणीवर तोच लेप, उजवीकडे अगदी पुसट. आईनं फणी उन्हात नेऊन बराच वेळ पाहिली.

माझंही सांगते. दोन आठवडे तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं, केस टाळूवरून सुटले.

संध्याकाळी मी मोरीतली वडी उचलून टाकायला निघाले, तर आईनं हातातून काढून घेतली. वर्तमानपत्रात गुंडाळली आणि गावी न्यायच्या पिशवीत तळाशी ठेवली. म्हणाली, "हिचं काय चुकलं? गणपतीला जाऊ तेव्हा विहिरीवर लागेल."